इनिटरॅमएफएस: डबा होता, झाकण उघडेना

लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्वतः कंपाइल करायची हौस आली तेव्हा वाटलं होतं, अवघड काम कंपाइलचंच. ते निर्विघ्न पार पडलं. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’नं त्या क्षणी लोड असलेल्या मॉड्यूलपुरतीच (कर्नलला जोडायचे ड्रायव्हरसारखे सुटे तुकडे) कॉन्फिग ठेवली, वर मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे पर्याय निवडायच्या मेन्यूत, शिरून मी आणखी कात्री चालवली. मॉड्यूल इन्स्टॉल, इनिटरॅमएफएस (बूट होताना कर्नल मेमरीत उलगडतो ती छोट्या फाइलसिस्टिमची दाबलेली इमेज) तयार, रीबूट. स्क्रीनवर: ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. कर्नल पॅनिक: मुख्य (रूट) फाइलसिस्टिम सापडेना म्हणून कर्नलनं हात टेकले.

हे दिसलं की पहिला संशय डिस्कच्या ड्रायव्हरवर. जुन्या कर्नलवर परत आलो, इमेजमधल्या फाइलींची यादी काढली. डिस्कचा एनव्हीएमई ड्रायव्हर आहे, फाइलसिस्टिमचा ईएक्सटी४ आहे, मॉड्यूलच्या फोल्डरचं नाव कर्नलच्या व्हर्जनशी तंतोतंत जुळतंय, व्हर्जनला मी हौसेनं जोडलेल्या शेपटीसकट. तरीही दोन्ही ड्रायव्हर थेट कर्नलमध्येच बिल्ट-इन करून टाकले. पुन्हा तेच पॅनिक! इथे मी खरा वैतागलो.

ड्रायव्हर पोटात असूनही असं का, ते नंतर कळलं. ग्रब या बूटलोडरमधल्या ओळीत ‘रूट=यूयूआयडी’ होतं आणि फाइलसिस्टिमचा यूयूआयडी (तिचा ओळख क्रमांक) कर्नलला स्वतःला ओळखता येत नाही. पार्टिशनचा पार्टयूयूआयडी येतो, हा नाही. तो शोधून देणं हे इनिटरॅमएफएसमधल्या स्क्रिप्टचं काम, आणि ती स्क्रिप्ट चालतच नव्हती.

पॅनिकच्या आधीच्या ओळी स्क्रीनवरून केव्हाच वर निघून जात होत्या. शेवटी तोच कर्नल आणि तीच इमेज क्यूईएमयूला (संगणकात आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) दिली, कन्सोल सिरियल पोर्टवर वळवला आणि अख्खा लॉग टर्मिनलमध्ये घेतला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. बरंच वर एक ओळ होती: ‘इनिटरॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड: कॉम्प्रेशन मेथड झेडएसटीडी नॉट कॉन्फिगर्ड’.

कात्री माझीच. मेन्यूकॉन्फिगमध्ये इनिटरॅमएफएसच्या खाली इमेज कशानं दाबलेली चालेल याचे जीझिप, एक्सझेड, एलझेड४ वगैरे सात पर्याय दिसतात. एक पुरे म्हणून मी जीझिप ठेवून बाकीचे उडवले होते. माझं डिस्ट्रो मात्र इमेज झेडएसटीडीनं दाबतं. (कर्नलला हे २०२० पासून, म्हणजे ५.९ पासून येतं.) यादी दाखवणारं टूल चालू सिस्टिमवरचं, त्याला झेडएसटीडी उलगडता येत होतं, नव्या कर्नलला नाही. तो एक पर्याय चालू केला, कर्नल पुन्हा बांधला, मशीन सुरू.

मग खुमखुमी म्हणून बिझीबॉक्स (नेहमीच्या कमांड एकाच प्रोग्रॅममध्ये), सर्वांत आधी चालणारी एक छोटी इनिट स्क्रिप्ट आणि फाइली एकत्र बांधणाऱ्या सीपीआयओचा न्यूसी फॉरमॅट एवढ्यावर स्वतःची इमेज बांधली. ‘फेल्ड टू एक्झिक्यूट /इनिट (एरर -२)’. उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही, आणि फाइल तर समोर! सापडत नव्हता तो बिझीबॉक्सचा लोडर. मी डायनॅमिक लिंक असलेला बिझीबॉक्स उचलला होता, त्याला सुरू व्हायला लोडर आणि लायब्ररी वेगळ्या लागतात. सगळं पोटात असलेला स्टॅटिक घातला आणि क्यूईएमयूच्या काळ्या खिडकीत शेलचा एकटा # लुकलुकत उभा राहिला.