आमची वाटचाल : एसएमपीएसच्या फॅनवर नजर

इचलकरंजीत कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा करायचा म्हणजे सुताच्या तंतूंशी रोजची गाठ. मागांच्या शेडला लागून ऑफिस, त्यात बिलं आणि ई-वे बिलं काढणारं मशीन. त्याचा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, उघडला की जाळीवर पांढरा थर, फॅनच्या दांड्याला गुंडाळलेले तंतू आणि फुगलेले कपॅसिटर. सुरुवातीची काही वर्षं आमचं मुख्य काम हेच होतं, जळालेला एसएमपीएस काढून नवा बसवायचा.

प्रोसेसरचा फॅन थांबला तर मदरबोर्ड ओरडतो. एसएमपीएसचा फॅन डब्यात थांबला तर कुणालाच कळत नाही, आणि ऐन हंगामात ताके गाडीत भरून तयार असताना मशीन बंद पडून मालाचं चलन निघत नाही. फॅन थांबण्याआधी मंदावतो. ते मंदावणं बघता आलं पाहिजे, या एकाच गोष्टीवर आम्ही पुढची सेवा उभी केली.

सोय जुनीच आहे. अँटेक कंपनीच्या जुन्या ट्रूपॉवरसारख्या एसएमपीएसमधून एक बारीक वायर बाहेर येते. तिच्यातून फॅनला वीज जात नाही, फक्त फॅनच्या प्रत्येक फेरीला दोन पल्स, म्हणजे विजेचे बारीक ठोके, येतात. ती मदरबोर्डवरच्या चॅसी फॅनच्या (डब्याच्या फॅनच्या) पिनांवर लावायची, सीपीयू फॅनच्या नाही. नाहीतर बायोस, म्हणजे मदरबोर्डमधला मूळ प्रोग्रॅम, तिलाच प्रोसेसरचा फॅन समजतो. स्वस्त एसएमपीएसमध्ये ही वायर नसते. तिथे वॉरंटी संपली असेल तरच आम्ही तीन वायरींचा बॉल बेअरिंग फॅन बसवून टॅकोची, म्हणजे हे पल्स देणारी, वायर बाहेर काढतो. हे घरी कुणी करू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर चार्ज उरलेला असू शकतो.

खरी मेहनत आकडा वाचण्यात गेली. फॅनचा वेग मोजणारी जुनी विनबाँड चिप असलेल्या बोर्डांवर फॅन नीट फिरत असतानाही 0 दिसायचा. ती चिप पल्समधलं अंतर 255 पर्यंतच मोजते. मिनिटाच्या फेऱ्या म्हणजे 13,50,000 भागिले मोजणी आणि डिव्हायझर (चिपमधला बदलता येणारा भाजक) यांचा गुणाकार. डिव्हायझर 2 असेल तर साधारण 2,650 च्या खालचा फॅन तिला दिसतच नाही, आणि एसएमपीएसचा फॅन बहुतेकदा हजाराच्या आसपास फिरतो. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स या वेग-तापमान वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डिव्हायझर 8 केला की 660 पर्यंतचा वेग वाचता येतो. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे गणित पहिल्याच आठवड्यात वहीवर करायला लावतो.

आता कमी लोडवर फॅन मुद्दाम बंद ठेवणारे एसएमपीएस मिळतात. त्यांचा 0 म्हणजे बिघाड नव्हे, म्हणून माग असलेल्या जागी आम्ही ते सुचवतच नाही. इथे फॅन सतत फिरता हवा, म्हणजे त्याची तब्येत सतत कळते.

वार्षिक करारातल्या प्रत्येक मशीनचा स्वच्छ असतानाचा वेग आम्ही नोंदवून ठेवतो. वेग त्याच्या बराच खाली सलग राहिला की दुकानात मेसेज येतो, आणि पाळी बदलताना माग थांबले की आमचा माणूस ब्लोअर घेऊन तिथे पोचतो.