आमची वाटचाल : शेवाळावर पोसलेला धंदा

2008 साली पुण्यात धायरीला दुकान टाकलं तेव्हा पाटीवर 'काच व अॅल्युमिनियम काम' एवढंच लिहिलं होतं. नवरा खिडक्यांच्या काचा कापायचा आणि उरलेल्या तुकड्यांतून हौसेनं फिश टँक जोडायचा. कडा घासून बोथट करायच्या, सिलिकॉनची रेघ मधे कुठेही न तोडता ओढायची, मग दोन-तीन दिवस पाणी भरायचं नाही. त्याच्या हातचा टँक गळत नाही, हे हळूहळू सिंहगड रोडवर पसरलं. टँक घेणारा मासे कुठे मिळतील ते विचारायचाच, म्हणून पहाटेच्या गाडीनं कुर्ल्याच्या बाजारातून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या यायला लागल्या. मी तेव्हा फक्त हिशेब बघत होते.

टँकचा धंदा विचित्र. चांगला टँक एकदा विकला की ते घर पुढे काही वर्षं तुमच्याकडे फिरकायचं कारण नाही. आमच्याकडे मात्र तीच माणसं महिन्या-दोन महिन्यांत परत यायची, आणि तक्रार एकच: मॅडम, शेवाळ धरलंय. कुणाचं पाणी हिरवंगार, कुणाच्या काचेवर भुरकट थर, कुणाच्या झाडांना केस फुटलेले. त्या तक्रारीतूनच आमच्या धंद्याची दुसरी बाजू उभी राहिली. आज अर्ध्याहून जास्त उत्पन्न देखभालीच्या करारांतून येतं आणि त्या करारांचं मूळ शेवाळात आहे.

माझं बी.एस्सी. बॉटनीत झालं होतं. स्पायरोगायराच्या पेशीतली ती हिरवी फिरकी परीक्षेत काढून दाखवली, त्यानंतर शेवाळाशी माझा संबंध मोरीपुरताच उरला होता. आता तेच ज्ञान गल्ल्यावर कामाला आलं. जुन्या बाजारातून एक सूक्ष्मदर्शक आणला, खाली आरसा असलेला, आणि 'शेवाळ धरलंय' म्हणणाऱ्याला मी उलट विचारायला लागले, कसलं? कापसाच्या बोळ्यावर थोडं घेऊन या.

कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा. नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर, काचेवर बोटानं पुसलं तर निघेल असा तपकिरी थर येतो, ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ. पुसा आणि वाट बघा, टँक मुरला की आपोआप जातं. यासाठी आलेल्या माणसाकडून आम्ही काही घेत नाही आणि त्याला काही विकतही नाही. पाणीच हिरवं झालं असेल तर ते एकपेशीय शेवाळ पाण्यात तरंगत असतं. ते कुठल्याही साध्या फिल्टरच्या स्पंजातून आरामात पार होतं, म्हणून 'फिल्टर चोवीस तास चालू आहे हो' हे ऐकून मी नुसती मान हलवते. तिथं टँकवर जाड चादर टाकून तीन-चार दिवस पूर्ण अंधार करायचा, हवेचा पंप चालू ठेवायचा, दाणे जवळजवळ बंद. पंप विसरायचा नाही. अंधारात शेवाळ ऑक्सिजन देत नाही, उलट खातं, आणि मेलेलं कुजतानाही ऑक्सिजन ओढतं. नंतर निम्मं पाणी बदलायचं. घाई असेल तर यूव्ही दिवा लावतो. आणि निळसर हिरवा बुळबुळीत पापुद्रा, जो हातात पत्र्यासारखा सलग निघतो आणि ज्याला कुबट वास येतो, ते शेवाळ नव्हेच, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. भातखाचरात नत्र मिळावं म्हणून शेतकरी मुद्दाम जे नील-हरित शेवाळ सोडतात, त्याच गोतावळ्यातलं.

सगळ्यात चिवट ते ब्लॅक बिअर्ड. अॅन्यूबियास या पाण्यातल्या झाडाच्या पानांच्या कडेला, फिल्टरच्या तोंडाशी, जिथं पाणी वेगानं वाहतं तिथं काळे झुपके येतात. नखानं खरवडून निघत नाहीत. दुकानात मी एक गंमत दाखवते. त्यातला एक झुपका चिमट्यानं उपटून सर्जिकल स्पिरिटच्या वाटीत टाकायचा. थोड्या वेळानं हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरतो आणि काळा दिसणारा झुपका लालसर होतो. कारण ते मुळात लाल शेवाळ आहे, घरात आपण जिची खीर-पुडिंग करतो ती चायना ग्रास ज्या गटातून येते, त्याच गटातलं. हे बघितल्यावर माणूस पुढचं ऐकून घेतो. पुढचं असं की मेडिकलमधून तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, फिल्टर थोडा वेळ बंद करा, सुई काढलेल्या सिरिंजनं नेमकं त्या झुपक्यावर सोडा, अगदी थोडं. दोन-तीन दिवसांत ते गुलाबी पडलं की मेलं समजा. पण झाडांसाठीचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर कधी लावता, कधी विसरता असं चालू असेल तर ते परत येणार. ज्या दिवशी सिलिंडर नीट चालेल त्या दिवसापासून उपाय सुरू झाला असं मोजा.

या सगळ्यात आम्हाला जे खरं शिकायला मिळालं ते टँकच्या बाहेर होतं. बालेवाडीकडच्या एका उंच इमारतीत एका काकूंचा तीन फुटी टँक होता. मासे मोजकेच, दाणे बेतानं, दिवा टायमरवर. सगळं आमच्या सांगण्याप्रमाणे, तरी काचेवर दर आठवड्याला हिरवी साय आणि झाडांवर केस. आमचा मुलगा दर वेळी पाणी बदलून यायचा आणि शेवाळ जोमानं वाढायचं. शेवटी मीच गेले. टेस्ट किटमध्ये टँकच्या पाण्याचा नायट्रेट, म्हणजे शेवाळाचं खतच, लालभडक. मग नळाचं पाणी तपासलं. सोसायटीला टँकर यायचा, त्यात बोअरचं पाणी, नायट्रेट तिथंही चाळीसच्या आसपास. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, म्हणजे कागदोपत्री पाणी ठीक. झाडं लावलेल्या टँकला दहा-वीस पुरतं. पण टँकमधला आकडा नळाच्या कितीतरी वर होता, आणि एवढे मासे तेवढी घाण करणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात काकू बाल्कनीतून बादली घेऊन आल्या. 'पाणी वाया घालवत नाही हो आम्ही, हे आरओचं जातं ना, तेच टँकमध्ये घालतो.' आरओच्या मशीनमधून पिण्याचं पाणी एका नळीनं येतं आणि दुसरीनं जे बाहेर पडतं, त्यात मूळ पाण्यातले क्षार आणि नायट्रेट दाट होऊन उतरलेले असतात. म्हणजे आठवड्याला बादली-बादली खतच जात होतं. फरशी पुसायला, गाडी धुवायला ते पाणी उत्तम, काकूंचं काटकसरीचं तत्त्वही बरोबर, फक्त टँक सोडून. आम्ही उलटं केलं: नळाच्या पाण्यात थोडं आरओचं गोड पाणी मिसळायचं, आणि टँकच्या मागच्या कडेला मनीप्लांटच्या दोन फांद्या अशा लावल्या की मुळं पाण्यात, पानं बाहेर. मनीप्लांट नायट्रेट हावरटासारखा ओढतो.

त्यानंतर मी वही घातली. कुठल्या भागात कुठलं पाणी, महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं, नायट्रेट किती, कठीणपणा किती, याची नोंद. खडकवासल्याचं पाणी मऊ असतं. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी कठीण, तिथं काचेवर पांढरे डाग पडतात ते शेवाळ नव्हे, क्षार, त्याला थोडं व्हिनेगर. पावसाळ्यात गढूळ पाणी यायला लागलं की क्लोरीनचा डोसही वाढतो, म्हणून जून ते सप्टेंबर पोरांच्या पिशवीत क्लोरीन मारणारे हायपोचे खडे जास्त. नवा करार करताना आम्ही आधी ती वही बघतो आणि मगच दर सांगतो. ही वही आमच्या दुकानातली सगळ्यात महागडी वस्तू आहे, असं नवरा म्हणतो. विकायची वेळ आली तर काच ठेवून वही विकू.

दिव्याची आणि दाण्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि कुणी पाळत नाही. ईशान्य कोपऱ्यात टँक ठेवायचा, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. आमच्याकडे बऱ्याच फ्लॅटमध्ये त्या कोपऱ्यात पूर्वेची खिडकी येते, आणि सकाळचं कोवळं ऊन थेट पाण्यात. त्यात आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश, दोन फुटी टँकमध्ये. गोल्डफिशइतकी घाण करणारा मासा शोधून सापडणार नाही. मी वास्तूवर वाद घालत नाही, त्यात गिऱ्हाईक जातं. खिडकीच्या बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद चिकटवते. दिवा सहा-सात तास पुरे, आणि ते तास संध्याकाळी चार ते दहा ठेवायचे. दिवसभर घरात कुणी नसताना दिवा कोणासाठी? एवढी एक सोय सांगितली की टायमर लगेच विकत घेतात, नाहीतर 'टँक अंधारात वाईट दिसतो' ही सबब ठरलेली.

दाण्यांचं जास्त कठीण, कारण तिथं आजोबा आहेत. सकाळी सून घालते, दुपारी आजोबा, शाळेतून आल्यावर नात, रात्री मुलगा विचारतो घातलं का, आणि कुणी नाही म्हटलं तर तोही घालतो. दाण्यांतला फॉस्फेट सरळ पाण्यात. एका घरी आजोबांचीच औषधाच्या गोळ्यांची सात खणांची डबी टीपॉयवर दिसली, तेव्हा सुचलं. तशीच दुसरी डबी मेडिकलमधून आणली, प्रत्येक वारी एक चिमूट दाणे, गुरुवारचा खण रिकामा. खण रिकामा दिसला की आजचं झालं. गुरुवारी माशांचाही उपास, हे आजोबांना इतकं पटलं की आता तेच सगळ्यांवर नजर ठेवतात. तेव्हापासून प्रत्येक करारासोबत डबी आमच्याकडून.

औषधांच्या बाटल्या आम्ही विकत नाही असं नाही, पण काउंटरवर मांडत नाही. बाटलीत नफा चांगला आहे, हे नवरा अजून अधूनमधून ऐकवतो. माझं उत्तर धंद्याचंच आहे: बाटली ओतली, शेवाळ एकदम मेलं, कुजलं, अमोनिया चढला, मासे वर येऊन तोंड उघडायला लागले की रात्री अकराला फोन आम्हालाच. तांबं असलेली औषधं तर झिंगे आणि गोगलगायींना विषच. तासगावकडं द्राक्षबाग असलेल्या एका गृहस्थांनी बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी आणलेल्या मोरचुदातली, म्हणजे तांब्याच्या क्षारातली, चिमूट टँकमध्ये टाकली, म्हणे बागेत चालतं तर इथं का नाही. मऊ पाण्यात तांबं जास्तच भिनतं. शेवाळ गेलं खरं, पण बरोबर मासेही गेले.

'शेवाळ खाणारा मासा द्या' ही मागणी रोजची. लोकांना हवा असतो तो सकर, दोन इंचाचा, काचेला चिकटलेला गोंडस. तो फूटभराच्या वर जातो, मोठा झाला की शेवाळापेक्षा दाण्यांकडे बघतो, आणि मग एखाद्या रात्री नदीत किंवा तलावात सोडला जातो. परदेशी जातीचा हा मासा देशातल्या अनेक पाणवठ्यांत असाच माजला आहे. आम्ही सकर ठेवणं बंद केलं. कुणाला नकोसा झाला तर परत घेतो, त्यांच्यासाठी मागच्या खोलीत एक मोठा टँक आहे आणि तो कधी रिकामा नसतो. त्याऐवजी ओटोसिंक्लस हे छोटे मासे, तेही टँक जुना असेल तर, किंवा अमानो झिंगे. जपानचे ताकाशी अमानो यांनी झाडांचे टँक जगभर लोकप्रिय केले आणि शेवाळासाठी हे झिंगे वापरले, म्हणून ते नाव. त्यांच्या पिल्लांना वाढायला खारं पाणी लागतं, त्यामुळे घरच्या टँकमध्ये त्यांची वीण होत नाही. महाग का, याचं उत्तर तेच.

25 मार्च 2020 ला सगळं बंद झालं तेव्हा हिंजवडीतल्या कंपन्यांचे टँक आमच्याकडे होते. सुरक्षारक्षकांना फोनवर सांगितलं की दिवा लावू नका, फिल्टर चालू ठेवा, दोन-तीन दिवसांनी चिमूटभर दाणे, पाणी उतरलं तर बादलीभर घाला. परवानगी मिळून आत गेलो तेव्हा झाडं विरळ झाली होती, पण मासे ठणठणीत आणि काच स्वच्छ. त्याच काळात घरचे टँक मात्र हिरवे झाले, कारण सगळे घरात, दिवा दिवसभर, दाणे येता-जाता. मी व्हिडिओ कॉलवर लोकांना काचा घासायला लावत होते. उत्पन्न जवळजवळ थांबलं होतं, पण काम सुरू झाल्यावर आम्ही कराराची रचनाच बदलली. टायमर आणि डबी नेमानं पाळणाऱ्याला महिन्यातून एकच फेरी आणि कमी दर. न पाळणाऱ्याला दोन फेऱ्या आणि जास्त. बहुतेकांनी टायमर घेतला.

दिवाळीच्या आधी आमच्याकडे नकार द्यावा लागेल इतकी कामं येतात. 'सगळं रिकामं करून चकाचक करून द्या.' ते आम्ही करत नाही. वाळू साबणानं धुतली, स्पंज नळाखाली पिळला की अमोनिया पचवणारे जिवाणू जातात आणि टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येतो, ऐन भाऊबीजेला तपकिरी थर. स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, वाळू सायफननं निम्मीच ओढायची, काच ब्लेडनं. पाहुणे काच बघतात, वाळू कुणी बघत नाही.

दुकान गुरुवारी बंद असतं. शेवाळासाठी येणार असाल तर टँकचा फोटो पांढऱ्या उजेडात काढा, रंगीत दिवे बंद करून. टँकचं पाणी एका बाटलीत, नळाचं दुसऱ्या बाटलीत, त्यावर नाव लिहून. तपासणीचे पैसे पडत नाहीत. बाटली सरबताची असेल तर आधी नीट धुऊन आणा.