डबा सुटल्यानंतरचे सहा महिने

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. परवा फोनवर तुमचा प्रश्न एका ओळीचा होता: बाळ पुढच्या महिन्यात वर्षाचं होईल, तर डब्याचं दूध बंद करून साधं दूध कसं सुरू करायचं? हेच मला नणंदेनं विचारलंय, शाळेतल्या दोन शिक्षिकांनी विचारलंय, खालच्या मजल्यावरच्या सुनेनं तर बाळ कडेवर घेऊन वर येऊन विचारलंय. ‘कसं’चं उत्तर सोपं आहे, ते आधी देते. पण ते सगळं मी नीट केलं होतं आणि तरीही माझ्या लेकीचं हिमोग्लोबिन 8.1 वर आलं होतं. त्यामुळे पत्र तिथेच संपवता येणार नाही.

वर्ष पूर्ण होईपर्यंत डबा सोडू नका. डब्यातली पावडरही बहुधा गाईच्या दुधापासूनच केलेली असते, पण तान्ह्या बाळाला झेपेल अशी बदललेली. आईच्या 100 मिलिलिटर दुधात साधारण 1 ग्रॅम प्रथिनं असतात, गाईच्या दुधात तीनाच्या वर, म्हशीच्या दुधात चारच्या आसपास. एवढी प्रथिनं आणि क्षार बाहेर टाकायचं काम लहान मूत्रपिंडांवर पडतं. शिवाय वर्षाच्या आत साधं दूध भरपूर दिलं तर काही बाळांच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारं रक्त जात राहतं. सातव्या-आठव्या महिन्यात खिरीत किंवा नाचणीच्या सत्त्वात थोडं दूध पडलं तर बिघडत नाही. बाटली भरून देऊ नका, इतकंच.

वाढदिवस झाला की दिवसातली एक वेळ निवडा, शक्यतो सकाळची, म्हणजे पोट बिघडलं तर दिवसाउजेडी कळतं. आम्ही तीन भाग डब्याचं आणि एक भाग गाईचं असं सुरू केलं, तीन दिवसांनी निम्मं निम्मं, आणि दहाएक दिवसांत ती वेळ पूर्ण गाईच्या दुधाची झाली. मग दुसरी वेळ. पावडर आधी मोजून पाण्यात कालवायची आणि ते तयार दूध साध्या दुधात मिसळायचं. माझ्या मावशीनं लेकीच्या काळजीपोटी पावडर थेट गाईच्या दुधात घातली होती. तसं दूध फार दाट होतं आणि बाळाला बाधतं. उलट, जड पडेल म्हणून दुधात पाणी घालायचीही गरज नाही. दोन वर्षांपर्यंत मुलाला स्निग्धांश हवाच असतो, म्हणून टोन्ड किंवा डबल टोन्ड पिशवी घेऊ नका. दूध मात्र उकळूनच द्यायचं, रतीबाचं असो की पिशवीतलं. आणि दुकानदार एक वर्षावरच्या मुलांसाठी म्हणून पुढच्या टप्प्याचा डबा पुढे करेल. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 साली स्पष्ट सांगितलंय की एक ते दोन वर्षांच्या मुलांना अशा पावडरींची गरज नाही, जनावराचं दूध चालतं. ते पैसे अंड्यांवर खर्च करा.

आता माझं.

लेक 34व्या आठवड्यात झाली, 1.9 किलोची. मला दूध पुरेसं उतरलं नाही. मी किती प्रयत्न केले हे आता कुणाला पटवून देत नाही. डबा डॉक्टरांनी लिहून दिला आणि तिची वाढ त्यावर झाली. सोबत लोहाचे थेंबही होते. बाळाला लोहाचा साठा आईच्या पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत मिळतो, आणि माझी लेक तो पुरता न घेताच बाहेर आली होती. हे डॉक्टरांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. दहाव्या महिन्यात तिचे नवे दात काळपट दिसायला लागले, तो थेंबांचा डाग होता, आणि मी कुणाला न विचारता थेंब बंद केले.

माझं सासर कोल्हापूरचं. तिथे गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी समोर उभ्या असतात आणि लोक धारोष्ण दुधाचा पेला हातात घेऊन उभ्या उभ्या पितात. मामंजी तालमीत वाढलेले. त्यांच्या लेखी दूध म्हणजे अंगात जाणारी ताकद, आणि वर्षभर नात डब्यावर वाढतेय याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. वाढदिवसानंतर डबा सुटला त्या आठवड्यात त्यांनी स्वतः गवळ्याकडे दीड लिटरचा रतीब लावला. गाईचं सुरू केलं होतं, ते दोन महिन्यांत म्हशीचं झालं. लेकीला ते आवडलं. चौदाव्या महिन्यात ती 200 मिलिलिटरच्या पाच बाटल्या पीत होती. भाताचे दोन घास खाऊन तोंड फिरवायची. आम्ही म्हणायचो, दूध पितेय ना, मग पोट भरलंय.

पोट भरलेलंच होतं.

मग ती गोरी दिसायला लागली. हे मला आजही नीट लिहिता येत नाही. आमच्याकडे मी सावळी, तिचे बाबा सावळे, ती जन्मली तेव्हा तशीच होती. सोळाव्या महिन्यात घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, दुधानं काय उजळलीय पोर! एका लग्नात तिघींनी विचारलं, अंगाला काय लावतेस? मला बरं वाटलं. मी ते कौतुक घरी येऊन सांगितलं. त्याच दिवसांत ती कुंडीतली माती तोंडात घालायची, बाल्कनीतल्या भिंतीचे पोपडे चाटायची, आणि दुपारभर किरकिरायची. शेजारच्या आजी म्हणाल्या, कॅल्शियम कमी पडतंय, दूध वाढव. आम्ही रात्रीची एक बाटली वाढवली.

अठराव्या महिन्यात बूस्टर डोसला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली. तिची खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली, तळहात पाहिले, आणि मला विचारलं, दिवसाला दूध किती? मी अभिमानानं सांगितलं, लिटरच्या वर. त्यांनी आधी रक्त तपासायला पाठवलं. या वयात हिमोग्लोबिन 11 तरी हवं. तिचं 8.1.

नंतर त्यांनी कागदावर मांडून दाखवलं ते मी तुम्हाला सांगते, कारण ‘कसं’ विचारणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 8 मिलिग्रॅम लोह लागतं. लिटरभर दुधात ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतं. दुधातलं कॅल्शियम आणि केसीन नावाचं प्रथिन जेवणातलं लोहही अंगी लागू देत नाही. डब्याच्या पावडरीत मात्र लोह मुद्दाम घातलेलं असतं. म्हणजे डबा होता तोवर तिला दुधातूनच लोह मिळत होतं. आम्ही तो काढला आणि बाटलीच्या जागी बाटली, मापाला माप साधं दूध ठेवलं. डब्याची जागा दुधानं घ्यायचीच नसते. ती जेवणानं घ्यायची असते, आणि दूध वाटीभर बाजूला बसायचं असतं. दिवसाला 400 ते 500 मिलिलिटर, त्यात दही आणि ताकही धरायचं.

हे फक्त आमच्याच घरात झालं असं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची 68.9 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. ती सगळी दुधानं झाली असं मी म्हणत नाही. पण ज्या घरात दूध परवडतं त्या घरात हा विचार कुणाच्या मनात येत नाही, आमच्याही आला नाही.

औषध सुरू झालं, दूध दोन कपांवर आणलं. पहिले चार दिवस फार वाईट गेले. रात्री ती बाटली मागत रडायची आणि मामंजी दुसऱ्या खोलीत जागे असायचे. दुसऱ्या रात्री ते दारात येऊन म्हणाले, पोरीला उपाशी ठेवू नकोस गं. मी रिपोर्ट त्यांच्या हातात दिला. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला आणि सकाळी गवळ्याला रतीब अर्ध्यावर आणायला स्वतःच सांगितलं. पाचव्या दिवशी लेकीनं अळणीतलं, म्हणजे बिनतिखटाच्या रश्शातलं, कुस्करलेलं मटण आणि भात खाल्ला, अख्खी वाटी. नंतर अंडं, मसूर, लिंबू पिळलेली पालेभाजी, गूळ-नाचणी. तुम्ही मांसाहार करत नसाल तर डाळ-उसळीसोबत लिंबू, पेरू, आवळा यांतलं काही रोज असू द्या, त्यानं लोह चांगलं अंगी लागतं. आणि जेवणाच्या तोंडावर दूध नको, दोन्हींत तास-दीड तास जाऊ द्या.

बाटलीही तेव्हाच सुटली. रात्री बाटली तोंडात घेऊन झोपल्यानं तिचे पुढचे दोन दात किडायला लागलेच होते. मामंजींनी बोंडलं आणून दिलं, त्यांच्या आईच्या वेळचं, चांदीचं. मी ते जपून ठेवलंय, पण त्याची चोच आतून घासता येत नाही, म्हणून दूध दिलं फुलपात्रातून. पहिला आठवडा अर्धं झबल्यावर सांडायचं.

तुमचं बाळ पूर्ण दिवसांचं आहे, वजन छान आहे, तेव्हा घाबरू नका. फक्त वर्षाच्या तपासणीत हिमोग्लोबिन बघायचं का हे डॉक्टरांना विचारा. सहा महिन्यांपासून आशाताई लोहाचं सरकारी सिरप देतात, आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर. ते घरी पडून असेल तर तेही दाखवून विचारा. दात काळे दिसले तरी मनानं बंद करू नका, तो डाग निघतो.

चार महिन्यांनी लेकीचा रिपोर्ट 11.4 आला. त्याआधीच आम्हाला दिसत होतं. सकाळी न्हाऊ घालताना सासूबाईंनी तिचा हात माझ्या हाताशेजारी धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. दोन्ही हात एकाच रंगाचे होते.