परत फिरायला लागलं!

जुन्या टीव्हीचं एक बरं होतं. बिघाड तोंड बघून ओळखता यायचा. पडद्यावर मुंग्या आल्या की अँटेना हलली. एका निवेदिकेच्या दोन झाल्या की सिग्नल कुठल्यातरी उंच इमारतीवर आपटून दुसऱ्यांदा येतोय. चित्र आपोआप वर सरकायला लागलं की मागची कळ पिळायची. पुण्यात तर दिशासुद्धा ठरलेली. गच्चीवर जायचं आणि अँटेनाचं तोंड सिंहगडाकडे करायचं, कारण टॉवर तिथे. खालून कुणीतरी "आलं, आलं... गेलं!" असं ओरडायला हवं, एवढीच अट.

आता काहीही बिघडो, दिसतं ते एकच: मधोमध गोल फिरणारं चक्र. रस्त्यावर झाडाच्या फांदीबरोबर फायबर तुटली तरी चक्र, ॲप रुसलं तरी चक्र, आणि टीव्हीमागे उंदराने वायर कुरतडली तरी तेच चक्र.

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ही बातमी अण्णा देतात. अण्णा म्हणजे माझे सासरे. कसोटी सामना लावून बसले की थोड्या वेळाने स्वयंपाकघरापर्यंत हाक येते, "अगं, परत फिरायला लागलं!" त्यात आमच्याकडे टीव्हीला वायफाय नाही, वायर आहे. पॅसेजमधल्या राउटरपासून छोट्या स्विचमधून (म्हणजे नेटची एक वायर अनेक यंत्रांना वाटून देणारी डबी), केसिंग पट्टीच्या आतून थेट हॉलपर्यंत. वायफायला भिंती आडव्या येतात, मायक्रोवेव्ह आडवा येतो, वरच्या मजल्यावरच्यांचा राउटर आडवा येतो; वायरला कुणी आडवं येत नाही, हे व्याख्यान मी घरात इतक्या वेळा दिलंय की चक्र फिरलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात.

यावर सर्वमान्य उपाय म्हणजे राउटर बंद करून चालू करणं. तो बऱ्याचदा लागू पडतो, आणि माझा राग त्याच्यावरच आहे. बंद-चालू केलं की पुरावा पुसला जातो. बिघाड कुठे होता ते कळत नाही, आणि तो पुढच्या सामन्याला पुन्हा हजर.

खरं तर चक्र फिरायच्या आधी काय झालं, ते बघायला हवं. चित्र आपल्याकडे सलग येत नाही, काही सेकंदांचे तुकडे येतात, आणि एकच तुकडा कमी-जास्त दर्जाचा असा अनेक प्रकारांत ॲपवाल्यांकडे तयार असतो. नेटचा जोर कमी पडला की टीव्ही मुकाट्याने हलका तुकडा मागवतो. चेहरे धूसर होतात, पण खेळ चालू राहतो. म्हणजे आधी धूसर झालं तर जोर कमी आहे. चित्र स्वच्छ असताना एकदम थांबलं, तर जोर भरपूर आहे पण मध्येच काहीतरी तुटतंय. साठवलेले तुकडे संपले आणि पुढचे आलेच नाहीत.

"अण्णा, आधी चित्र पुसट झालं होतं का?"

"छे! चेंडूची शिवण दिसत होती."

अर्धं काम इथेच झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी फोन हातात घेतला आणि घरच्याच वायफायवर तोच सामना लावला. सुरळीत चालला. म्हणजे नेट कंपनी निर्दोष, आणि राउटरही. हे कबूल करताना घरात कुणालाच आनंद झाला नाही. कंपनीला बोल लावण्यात जी सोय आहे ती स्वतःच्या वायरला बोल लावण्यात नाही.

मग नवऱ्याने स्विचवरचा केशरी दिवा दाखवला. आमच्या स्विचवर हिरवा म्हणजे गिगाबिट, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिटचा वेग; केशरी म्हणजे शंभर मेगाबिट. "हे बघ, वेग पडलाय." संशय वाजवी होता. गिगाबिटला वायरीतल्या आठही तारा लागतात, शंभरला चारच पुरतात. त्यामुळे एखादी तार तुटली की जोडणी गुपचूप शंभरवर येते. पण तीच वायर लॅपटॉपला लावली तर दिवा हिरवा झाला. तारा धड होत्या. शंभरचं सोंग टीव्हीचं होतं. एवढा महागडा टीव्ही, आणि त्याचं वायरीचं पोर्ट मुळातच शंभरचं! पुष्कळ स्मार्ट टीव्हींचं असंच असतं. तरी फोरके चित्राला पंधरा ते पंचवीस मेगाबिट पुरतात, तेव्हा या दिव्याचा आणि चक्राचा काही संबंध नव्हता. (वायफायवर याच टीव्हीचा वेग जास्त दिसला असता. ते मी घरात सांगितलेलं नाही.)

अशा बिघाडात वेग मोजण्यात तसाही अर्थ नसतो. तपासायचं असतं सातत्य. लॅपटॉपवरून राउटरला पिंग लावून ठेवला, म्हणजे पुन्हा पुन्हा 'आहेस का?' विचारायचं आणि उत्तर किती वेळात येतं ते बघायचं. एकेक ओळ ठराविक तालात उमटत होती, उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत. छान. मग वायरीला बोटाने जरासा धक्का दिला. ओळ थांबली. बोट काढलं, पुन्हा सुरू.

प्लग काढून उजेडात धरला तेव्हा कळलं. पारदर्शक प्लास्टिकच्या त्या टोकावर एक बारीकशी जीभ असते, आत घालताना जिचा 'टक्' असा आवाज होतो. ती मुळापासून मोडलेली. प्लग खाचेत बसलेला दिसायचा, पण धरून ठेवायला काहीच नाही. टीव्हीच्या युनिटमागून झाडू फिरला की तो केसभर मागे यायचा. समुद्राखालून खंड ओलांडून आलेला डेटासुद्धा त्या केसभर फटीत पडला असता.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्ली. बुधवार पेठेतल्या या गल्लीत वायर, दिवे, स्विच, माळा यांच्यामधून चालताना माणूस तिरका चालायला शिकतो. आरजे फॉर्टीफाईव्ह कनेक्टर, म्हणजे तोच पारदर्शक प्लग, आणि तो वायरीवर दाबून बसवायची क्रिम्पिंगची पक्कड मागितली. दुकानदाराने वर न बघता विचारलं, "वायर तांब्याची आहे का सीसीए?" सीसीए म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. पात्याने खरवडलं की आतून पांढरी निघते, आणि दोनदा वाकवली की तुटते. आमची तांब्याची होती. हे मी जरा मोठ्यानेच सांगितलं.

घरी येऊन वायरीचं वरचं आवरण सोललं. आत चार जोड्या, प्रत्येकीचा पीळ वेगळा. एकीचा घट्ट, दुसरीचा सैल. शेजारून जाणाऱ्या विजेच्या वायरीचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच चढावा आणि दुसऱ्या टोकाला वजा व्हावा, यासाठी तो पीळ. जोड्यांचा पीळ निरनिराळा, म्हणजे त्यांचं एकमेकींत बोलणं होऊ नये. म्हणून पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही. मग तारा नखाने सरळ करायच्या आणि रांगेत लावायच्या: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. अण्णा चष्मा लावून शेजारी बसले आणि रंग मोठ्याने म्हणत गेले. टोकं एका रेषेत कापली, कनेक्टरमध्ये सरकवली, समोरच्या काचेतून आठही चकचकीत ठिपके दिसले, आणि पक्कड दाबली. खाचेत घातल्यावर तो 'टक्' आवाज आला.

चक्र गेलं. पण पुढच्याच सामन्यात अण्णांची नवी तक्रार. समोरच्या बिल्डिंगमधून "आऊट!" असा गलका झाला, आणि आमच्याकडे गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला चेंडू पँटला घासत होता. तुकडे करणं, ते साठवणं यात हे सेकंद जाणारच. समोरच्यांकडे डिश आहे, त्यांचं चित्र आधी येतं, यावर वायर काही करू शकत नाही, असं मी सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं, उठले आणि खिडकी लावून घेतली.