ठाकूरवाडीचा सांधा आणि वीस मीटरचे वर्तुळ

संगणकावर आगगाडी चालवण्याच्या खेळात एखादा मार्ग उभारणे कष्टाचे असते. पण त्या मार्गावर एखादा प्रसंग रचणे त्याहून अवघड आहे, असे माझे मत गेल्या तीन महिन्यांत बनले आहे. मी ट्रेन्झ वापरते. ब्रिस्बेनच्या ऑरान कंपनीने २००१ साली आणलेला आणि आता एनथ्रीव्ही गेम्सकडे असलेला हा खेळ मार्ग आणि सेशन यांना वेगळे ठेवतो. डोंगर, रूळ, स्थानके आणि सिग्नल मार्गात राहतात. कोणती गाडी कुठून सुटावी, तिच्यापुढे काय वाढून ठेवलेले असावे आणि खेळणारा चुकला तर काय घडावे, हे सारे सेशनमध्ये लिहायचे असते. हे लिहिण्याची दोन साधने म्हणजे गाडी जवळ आल्याचे कळवणारे, रुळावर ठेवायचे ट्रिगर आणि यादीत मांडायचे नियम.

माझा मार्ग बोरघाटाचा आहे आणि तो अजून अर्धवट आहे. १८६३ साली सुरू झालेल्या या घाटात सर्वांत कडक चढण ३७ला १ अशी आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर उंच जाते. चढताना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडतात, हे पुण्या-मुंबईच्या प्रवाशांना ठाऊकच असते. मला मात्र उतरण्याचा प्रसंग हवा होता. खंडाळ्याहून कर्जतकडे येताना वाटेत कॅच सायडिंग लागतात. ब्रेक निकामी झालेली गाडी मुख्य मार्गावरून सुसाट खाली जाऊ नये, यासाठी बाजूला उलट चढाचा एक आंधळा, म्हणजे पुढे कुठेच न जाणारा रूळ काढलेला असतो आणि सांधा, म्हणजे गाडीला एका किंवा दुसऱ्या रुळावर वळवणारी जोडणी, एरवी त्याच रुळाकडे वळवलेला असतो. गाडी आधी थांबते, म्हणजे आपण ताब्यात आहोत हे दाखवून देते, आणि मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. (मुंबईकडे जाणारी गाडी उतरत असली तरी रेल्वेच्या भाषेत ती ‘अप’च असते. नियमांना नावे देताना या एका शब्दाने माझी दोनदा फसगत केली; शेवटी मी ‘उतार’ आणि ‘चढ’ अशीच नावे ठेवली.)

पहिल्या मसुद्यात मी घाटातल्या ठाकूरवाडीजवळ सांध्याच्या अलीकडे एक ट्रिगर ठेवला आणि त्याला नियम जोडला, की गाडी ट्रिगरपाशी पोहोचली की सूचना दाखवावी आणि सांधा मुख्य मार्गाकडे फिरवावा. नियमांच्या यादीत एखादा नियम उजवीकडे सरकवला की तो वरच्या नियमाचे अपत्य होतो आणि वरचा नियम पूर्ण झाल्यावरच जागा होतो. न सरकवलेले नियम मात्र सेशन सुरू होताच सगळे एकदम कामाला लागतात. हे मला समजले होते, म्हणून मांडणी बरोबर आहे असा माझा विश्वास होता. चाचणीत मी खंडाळ्याहून निघाले, ठाकूरवाडीला आले, तर सांधा आधीच फिरलेला होता.

कारण शोधायला संध्याकाळ गेली. वातावरणनिर्मितीसाठी मी माझ्या गाडीच्या पुढे एकत्र जोडलेली तीन रिकामी बँकर इंजिने खाली कर्जतकडे परत पाठवली होती, कारण घाटात तसे घडते. ट्रिगरने त्या इंजिनांना पाहिले आणि इमानेइतबारे आपले काम केले. कोणाची वाट पाहायची हे मी नियमात सांगितलेच नव्हते. गाडीचे नाव रिकामे सोडले होते, आणि रिकामे म्हणजे ‘कोणीही’. खेळाच्या आत हा सारा व्यवहार संदेशांनी चालतो. ट्रिगरच्या कक्षेत काही आले की ‘ऑब्जेक्ट, एंटर’ असा संदेश निघतो आणि बाहेर पडले की ‘ऑब्जेक्ट, लीव्ह’ असा. त्यात गाडी शिस्तीत आली की सुसाट आली, थांबली की नाही, याचा पत्ता नसतो. ती चौकशी वेगळ्या नियमांनी करावी लागते.

म्हणून दुसरा मसुदा मी क्रमवार यादीच्या, म्हणजे ‘ऑर्डर्ड लिस्ट’च्या पोटात बसवला. आधी माझीच गाडी कक्षेत यावी, मग ती पूर्ण थांबावी, मग ६० सेकंद जावेत, मग सूचना यावी आणि शेवटी सांधा फिरावा. या यादीत आधीचा नियम संपल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही. हा मसुदा मी माझ्या भाच्याला खेळायला दिला. तो नववीत आहे आणि स्वभावाने अतिशय सावध आहे. त्याने ताशी ३० किलोमीटरच्या वर काटा जाऊ दिला नाही, लांबूनच ब्रेक लावले आणि सांध्याच्या बरेच अलीकडे गाडी सुबक थांबवली. मग दहा मिनिटे काहीच झाले नाही. “मावशी, तुझा सिग्नलवाला झोपलाय का?” असे त्याने विचारले, तेव्हा मी जागेवर जाऊन पाहिले. ट्रिगरची कक्षा मूळची २० मीटर त्रिज्येची असते, मी ती तशीच ठेवली होती, आणि त्याचे इंजिन त्या वर्तुळाच्या जेमतेम बाहेर उभे होते. सर्वांत काळजीपूर्वक गाडी हाकणाऱ्यालाच माझ्या प्रसंगाने अडकवून ठेवले होते. आता तिथली त्रिज्या १५० मीटर आहे. शिवाय पाच मिनिटांत काहीच घडले नाही, तर गाडी किंचित पुढे घेण्यास सांगणारा एक स्वतंत्र नियमही लावला आहे.

सांधा पुन्हा आंधळ्या रुळाकडे कधी वळवायचा, हा प्रश्न मी आधी घड्याळावर सोडला होता. ते चुकीचे होते. सतरा डब्यांची गाडी, डबा साधारण २२ मीटरचा, वर इंजिन, म्हणजे जवळपास ४०० मीटरची लांबी. कोणी हळू चालवली तर शेवटचा डबा सांध्यावरून जायला किती वेळ लागेल हे मी आधी कसे सांगणार? अलीकडच्या ट्रिगरमधून गाडी बाहेर पडल्याचा संदेशही पुरत नाही, कारण तेव्हा शेपूट सांध्यावरच असू शकते. म्हणून सांध्याच्या पलीकडे दुसरा ट्रिगर ठेवला आणि त्याच्या कक्षेतून शेवटचा डबा बाहेर पडला की मगच सांधा मूळ जागी जातो.

सुरुवातीला मला सांधा मुख्य मार्गाकडे ठेवून, न थांबणाऱ्याला गुण कापून शिक्षा करावी असे वाटत होते. तसे केले असते, तर खेळणाऱ्याच्या प्रत्येक चुकीची कल्पना मला आधी करावी लागली असती आणि एखादी हमखास सुटली असती. घाटातली व्यवस्था उलटी आहे. तिथे मूळ स्थितीच नकाराची असते आणि होकार मिळवावा लागतो. मीही तेच केले आणि माझे निम्मे नियम खोडले गेले.

एक भोक मात्र राहिलेच होते. पुढच्या रविवारी भाच्याने गाडी व्यवस्थित कक्षेत थांबवली आणि कंटाळून चाळिसाव्या सेकंदाला सोडली. सांधा अर्थातच फिरलेला नव्हता. गाडी आंधळ्या रुळाच्या चढावर चढली, दमली आणि तिथेच उभी राहिली. थांबण्याचा नियम एकदा पूर्ण झाला होता, त्यामुळे प्रतीक्षेचा नियम मागे वळून न पाहता सेकंद मोजत राहिला, आणि आणखी वीस सेकंदांनी पडद्यावर माझा संदेश आला: ‘मार्ग मोकळा आहे, सावकाश पुढे जावे.’ आता त्या ६० सेकंदांच्या जोडीला गाडी हलते आहे का हे पाहणारा नियम लावून दिला आहे, आणि ती हलली तर मोजणी पहिल्यापासून सुरू होते. भाच्याने संदेशही बदलायला सांगितला आहे. ‘आधी खाली उतर’ असे लिही म्हणतो.