माळ्यावरच्या डब्यातला फ्लिंट – माझा अनुभव

दिवाळीआधी आईने माळा साफ करायला काढला आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात माझे लहानपणीचे जी. आय. जो, म्हणजे खेळण्यातले छोटे सैनिक सापडले, फनस्कूल या खेळण्यांच्या कंपनीचे, सात जण. त्यातला फ्लिंट नावाचा सैनिक हातात आला आणि मी तिथेच फरशीवर बसले.

दादा म्हणाला, "घासून चकचकीत कर आणि विकून टाक, हल्ली चांगले पैसे मिळतात." विकायचं तर मलाही होतं, पण आधी नीट बघूया म्हटलं आणि ते बरंच झालं, कारण घासताना जो रंग निघतो तो परत येत नाही आणि किंमत त्याच रंगाला असते.

सुरुवातीलाच मी फसणार होते. फिगरवर मागे ऐंशीच्या दशकातलं साल कोरलेलं आहे, मला वाटलं तेव्हाचीच असेल. पण ते साच्याचं साल. जी. आय. जो मुळात काढणाऱ्या हॅसब्रो कंपनीने अमेरिकेत फ्लिंट 1985 ला काढला, आपल्याकडे फनस्कूल तेच साचे पुढे कितीतरी वर्षं वापरत होतं, आणि रंगही बरेचदा वेगळे, त्यामुळे परदेशातले कलेक्टरसुद्धा आपले भारतीय पीस मुद्दाम शोधतात.

मग खिडकीपाशी उजेडात बसून एकेक जागा बघितली. नाकाचा शेंडा, टोपीची कड, छातीवरच्या पट्ट्यातली काडतुसं, रंग आधी इथेच उडतो. टोपीवर एक ठिपका जास्तच काळा दिसला, दादाने लहानपणी मार्करने भरलेला. तो तसाच ठेवला, खरवडला नाही. पाय लोंबकळत होते कारण आतली रबरी रिंग कुजलेली, पाठीचा स्क्रू काढून नवीन टाकली, पाच मिनिटांचं काम, आणि सांगून बदलली तर कोणी नाक मुरडत नाही. कंबरेचा तुकडा दोन पायांच्या मधे तुटलेला असता तर मात्र अर्धी किंमत तिथेच गेली असती, तो शाबूत आहे.

गन हरवलेली होती. एकाकडून "ओरिजिनल" म्हणून मागवली, आली ती जास्त चकाकणारी, बारकावे बुजलेले, मूठ जाड. फ्लिंटच्या हातात बसवताना त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी पांढरी रेघ उमटली आणि मी लगेच थांबले, अजून जरा दाबलं असतं तर अंगठा गेला असता. ती नक्कल होती, पैसे काही परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी आधी ओरिजिनल गनशेजारी ठेवून काढलेला फोटो मागते.

किंमतीचं म्हणाल तर लोक काय मागतात ते बघूच नका, विकले गेलेले पीस बघा. मागणारे पाच-पाच हजार मागतात, प्रत्यक्षात तसाच सुटा, पॅकिंग नसलेला पीस त्याच्या पावपटीलाही जात नव्हता, आणि माझ्याकडे तर गनही नाही, फक्त बॅकपॅक.

शेवटी अंगठ्याची रेघ, मार्करचा ठिपका, बदललेली रिंग, सगळ्याचे जवळून फोटो काढून आठशे सांगितले. कोल्हापूरच्या एका कलेक्टरने एक रुपया कमी न करता घेतला, म्हणाला इतके स्पष्ट फोटो कोणी देत नाही. बाकीचे सहा अजून डब्यातच आहेत, त्यांच्या पाठीचे स्क्रू उघडायचेत.