मी सावरलेले वाक्य

28 जून 2024 रोजी सकाळी साडेसहा वाजता अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतली बायडेन आणि ट्रम्प यांची अटलांटातील जाहीर चर्चा सुरू झाली, तेव्हा मी एका मराठी वृत्तवाहिनीच्या व्हॉइसओव्हरच्या खोलीत हेडफोन लावून बसलो होतो. बायडेन यांचे बोलणे माझ्याकडे, ट्रम्प आणि दोन्ही सूत्रसंचालक सहकाऱ्याकडे, अशी वाटणी होती. खोलीतला मॉनिटर बंद पडून दोन महिने झाले होते. अनुवाद करणाऱ्याला चित्र कशाला हवे, या युक्तिवादापुढे आमच्याकडे दुरुस्तीचा अर्ज पुढे सरकत नाही.

थेट अनुवादात शब्द सुचणे अवघड नसते, वाट पाहणे अवघड असते. इंग्रजी क्रियापद कर्त्यापाठोपाठ येते, मराठी क्रियापद शेवटी; म्हणून बोलणाऱ्याच्या तीन-चार सेकंद मागे राहून, कर्म हाती लागेपर्यंत 'या बाबतीत', 'आपल्याला ठाऊकच आहे' असल्या शब्दांवर वेळ काढावा लागतो. समोरचा माणूस सुरू केलेले वाक्य पुरे करील, एवढ्या भरवशावर हा सगळा व्यवहार चालतो.

पंधरा मिनिटेही झाली नसतील. राष्ट्रीय कर्जावरच्या प्रश्नाला उत्तर देताना बसलेल्या आवाजातले बायडेन अब्जाधीशांवरील करापासून निघाले, कोविडपाशी अडखळले, थांबले आणि शेवटी म्हणाले की, आम्ही अखेर मेडिकेअरला हरवले. मेडिकेअर हा मुख्यतः पासष्टी गाठलेल्यांचा सरकारी आरोग्यविमा. त्याची बाजू घेणारा माणूस त्याला हरवील कशाला? औषधांच्या किमतींबाबत कंपन्यांशी घासाघीस करण्याचा अधिकार मेडिकेअरला देणारा कायदा 2022 मध्ये झाला, हे मी आदल्या रात्री वाचून ठेवले होते. ते तोंडावर आले आणि मी बोलून गेलो, "मेडिकेअरच्या बाबतीत आम्ही औषध कंपन्यांना अखेर नमवले." वाक्य ठाकठीक उतरले, याचा मला काही सेकंद अभिमानही वाटला.

लगेच ट्रम्प म्हणाले की, यांचे बरोबर आहे, यांनी मेडिकेअरला हरवलेच, पार मरेपर्यंत. इंग्रजीत हरवणे आणि बडवणे यांना एकच क्रियापद चालते, टोला त्यावरच होता. सहकाऱ्याने तो इमानाने मराठीत आणला. पण माझ्या मराठीत मेडिकेअरला कोणी हरवलेच नव्हते. त्यामुळे असंबद्ध बोलणारे ट्रम्प ठरले. सहकाऱ्याने माझ्याकडे पाहिले, आणि पुढचा तासभर आम्ही एकमेकांची नजर टाळली.

ब्रेकमध्ये बाहेर आलो, तर सगळे डेस्क पडद्यासमोर उभे होते. विभागलेल्या पडद्याच्या एका अर्ध्यात ट्रम्प बोलत होते आणि दुसऱ्या अर्ध्यात बायडेन, तोंड किंचित उघडे, कुठेतरी खाली पाहत. निर्माते ओरडत होते, "आवाज काढा, चेहरा धरा." तो चेहरा दिवसभर आवाजाविना फिरला. सर्व आयातीवर 10 टक्के शुल्क लावण्याच्या ट्रम्प यांच्या प्रस्तावावर सूत्रसंचालकांनी सरळ प्रश्न विचारला होता. त्यावर दोन मिनिटांची बातमी करू, असे मी सुचवले. "शुल्काला व्हिज्युअल काय देणार?" असे उत्तर मिळाले. ते गृहस्थ मूर्ख नाहीत. त्यांना आकडे कळतात, म्हणूनच त्यांनी चेहरा निवडला.

दुपारी नाशिकहून आत्याचा फोन आला. ती स्वयंपाकघरातून नुसते ऐकत होती. "म्हातारा चांगला बोलला की रे, मग हे सगळे त्याच्या मागे का लागलेत?"

26 सप्टेंबर 1960 च्या केनेडी-निक्सन चर्चेविषयी असे सांगतात की, रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले आणि आजारातून नुकतेच उठलेले निक्सन ज्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले, त्यांना केनेडी. त्या पाहणीचा पाया कच्चा होता, तरी गोष्ट टिकली. पण त्या रेडिओवर निदान निक्सन यांचा स्वतःचा आवाज होता. आत्याने ऐकला तो माझा, रात्रभर तयारी केलेल्या आणि घसा शाबूत असलेल्या माणसाचा.

21 जुलैला बायडेन यांनी निवडणुकीतून माघार घेतली. त्यानंतर मी ते वाक्य घरी पुष्कळदा जसेच्या तसे म्हणून पाहिले आहे. पहिला तुकडा, खंड, दुसरा तुकडा, पुन्हा खंड, मग "आम्ही अखेर मेडिकेअरला हरवले". खंड खरा ठेवला, तर हेडफोनमध्ये पहिला आवाज येईल तो कंट्रोल रूमचा, "बोला, बोला, थांबू नका."